बिरवाडीची सोनारपेढी आणि निळ्या मोत्यांची कुडी

आपल्या महाड-पोलादपूर भागात सुवर्णकामाचा विषय निघाला, की प्रथम रायगडाचे स्मरण होते. 6 जून 1674 रोजी शिवाजी महाराज ज्या सिंहासनावर आरूढ झाले, ते बत्तीस मण सोन्याचे होते असे सभासदाच्या बखरीत नमूद आहे. आणि ते सिद्ध करण्याचे काम पोलादपूरच्या रामजी दत्तो चित्रे यांच्याकडे होते, अशी परंपरा आहे. सिंहासनाची कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु आमच्या व्यवसायाचा खरा इतिहास लेकीसुनांच्या कानांतील, गुंजांत मोजावयाच्या अलंकारांत अधिक साठलेला आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून या स्मरणिकेत कुडीसारख्या लहानशा जिनसेविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

बुगडी, काप, वेल, बाळी या कर्णभूषणांत कुडीचा मान मोठा. मध्यभागी एक खडा किंवा मोती आणि भोवती पाकळ्यांप्रमाणे टपोरे मोती, अशी तिची घडण. सोन्याची तार ओढावयाची, मोती एका मापाचे निवडावयाचे, वेधलेल्या मोत्यांतून तार नेऊन ते जागच्या जागी आवळावयाचे आणि मागे फिरकी बसवावयाची. डाख देण्याचे सर्व काम मोती ओवण्यापूर्वीच उरकावे लागते, कारण मोत्यास आच सोसत नाही. दोन्ही कानांच्या कुड्या एकमेकींशी तंतोतंत जुळविणे, यातच कारागिराची परीक्षा असते.

हे मोती पूर्वी येत इराणच्या आखातातून. बहरीन व कुवेतच्या पाणबुड्यांनी काढलेला माल मुंबईस येई व तेथे त्याची निवड, वेधणी आणि विक्री होई. आपण त्यास ‘बसऱ्याचा मोती’ म्हणत आलो. त्याचे मोल ठरविण्याची ‘चव’ नावाची रीत होती: वजनाचा वर्ग करून त्यास मोत्यांच्या संख्येने भागावयाचे. एकेका रतीचे दोन मोती घेतले, तर एका मोत्याच्या दुप्पट चव होते; परंतु दोन रतींचा एकच मोती असेल, तर चौपट. निसर्गात मोठा मोती किती दुर्मिळ असतो, ते या हिशेबाने पेढीवरच्या मुलासही कळत असे.

पुढे हा हिशेबच डळमळला. जपानात मिकिमोटो यांनी 1893 मध्ये शिंपल्यात बीज घालून अर्धगोल मोती वाढवून दाखविला. नंतर पूर्ण गोल मोतीही साधले आणि 1921 च्या सुमारास ते लंडनच्या बाजारात आले, तेव्हा जवाहिऱ्यांत मोठी खळबळ उडाली. त्यावर 1929 नंतरची जागतिक मंदी कोसळली आणि आखातातील मोत्यांचा व्यवसाय खालावला. जो अलंकार पूर्वी श्रीमंतांसच परवडे, तो सामान्य घरांत येऊ लागला. हे चांगलेच झाले. परंतु त्यासोबत विकणाऱ्यावर एक नवी जबाबदारी आली. हा मोती सागराने दिला की माणसाने वाढविला, हे सांगावयाचे कोणी?

निळ्या मोत्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. निळसर झाक असलेले मोती निसर्गात आढळतात, नाही असे नाही. परंतु लहान बाजारपेठेत स्वस्त मिळणारे गर्द निळे मोती बहुधा गोड्या पाण्यातील संवर्धित मोत्यांस रंग देऊन किंवा त्यांवर किरणांची प्रक्रिया करून तयार केलेले असतात. वेधाच्या तोंडाशी भिंगातून पाहिले असता दिलेला रंग पुष्कळदा तेथे दाटलेला दिसतो. दातावर हलके घासून काचेचा मोती ओळखता येतो, कारण खरा मोती किंचित रवाळ लागतो. मात्र संवर्धित मोतीही तसाच लागतो. त्याचा निर्णय क्ष-किरणांच्या परीक्षेवाचून होत नाही.

वरंधा घाटाच्या वाटेवरील आमच्या बिरवाडीत लग्नसराईत एखादी माउली अशी निळी कुडी हाती घेते आणि दोन प्रश्न विचारते. निळा रंग शनीचा, तो माझ्या लेकीस बाधणार नाही ना? आणि हा मोती खरा ना? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिच्या श्रद्धेचे आहे. दुसऱ्याचे उत्तर आमच्या इमानाचे आहे. “मोती संवर्धित आहे, रंग दिलेला आहे, घडण मात्र हातची आहे,” असे सांगितल्याने कधी गिऱ्हाईक उठून जाते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. तरी सांगावे तेच. मोल घ्यावयाचे ते घडणीचे, रंगाचे नव्हे.

सरकारी कायदा या कामी किती उपयोगी पडतो, तेही पाहावे. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि नव्या दागिन्यांच्या सोन्यावर 14 कॅरटची मर्यादा पडली. देशभरातील कित्येक कारागिरांच्या शेगड्या विझल्या. ते बंधन पुढे सैल झाले आणि 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला. जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सोन्यावर हॉलमार्क सक्तीचा झाला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि 2 ग्रॅमहून, म्हणजे जुन्या सुमारे दोन माशांहून, कमी वजनाची जिन्नस त्या सक्तीतून वगळण्यात आली. आणि मोत्याचा खरेपणा तर तो शिक्का सांगतच नाही. हलक्या वजनाच्या कुडीस, तेव्हा, पेढीवर बसलेल्या माणसाच्या शब्दाखेरीज दुसरा शिक्का नाही.

आज आमच्या तरुणांस महाडच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरी अधिक निर्वेध वाटते, यात त्यांचा दोष नाही. यंत्रावर घडलेला माल स्वस्त पडतो, तेव्हा हाताच्या कुडीस मागणी थोडीच राहणार. परंतु जे ज्ञातिबांधव शेगडीपाशी टिकून आहेत, त्यांनी एवढे अवश्य करावे: प्रत्येक विक्रीच्या पावतीवर मोती नैसर्गिक, संवर्धित की रंगविलेला, हे स्पष्ट लिहून द्यावे. आजीची कुडी नात पुन्हा घडवून घेण्यास आपल्याच पेढीवर येते ती या विश्वासामुळे. तो विश्वास पुढील पिढीच्या हाती आपण शाबूत द्यावा, हीच आमची विनंती आहे.