रॉक संगीताचे शिक्षण

रॉक संगीताचे शिक्षण म्हणजे रॉक या संगीतप्रकारातील वादनतंत्र, गीते, इतिहास आणि श्रवणाची दृष्टी पुढील पिढीकडे सोपविण्याची प्रक्रिया होय. आरंभीची अनेक दशके हे शिक्षण शाळेबाहेर, ध्वनिमुद्रिका ऐकून व मित्रमंडळींच्या संगतीत होत असे. १९९० च्या दशकापासून त्यासाठी परीक्षा मंडळे, खासगी शाळा, संग्रहालये व शालेय उपक्रम उभे राहिले. या शिक्षणाचा मोठा भाग ‘क्लासिक रॉक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मुख्यतः १९६० ते १९८० च्या दशकांतील संगीतावर आधारलेला असतो. ही संज्ञा १९८० च्या दशकात अमेरिकेतील नभोवाणी केंद्रांमुळे रूढ झाली.

अनौपचारिक परंपरा

रॉक संगीताचा मूळ दस्तऐवज स्वरलिपी नसून ध्वनिमुद्रण हा आहे. गिटारच्या आवाजाचा पोत, ठेक्यातील किंचित ओढ किंवा गायकाचा खरखरीत स्वर कागदावर पूर्णपणे उतरत नाही. त्यामुळे शिकणारा एकच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकून, प्रसंगी तबकडीचा वेग कमी करून, तो कानाने उचलत असे. भारतीय घराण्यांत गुरूच्या सहवासाला जे स्थान आहे, ते येथे बऱ्याच अंशी तबकडीला मिळाले.

१९६१ मध्ये इंग्लंडमधील डार्टफर्ड रेल्वे स्थानकावर किथ रिचर्ड्स व मिक जॅगर या बालपणीच्या परिचितांची पुन्हा भेट झाली. जॅगर यांच्याजवळ चक बेरी व मडी वॉटर्स यांच्या तबकड्या होत्या. त्यांवरून जुळलेल्या मैत्रीतून पुढच्याच वर्षी ‘द रोलिंग स्टोन्स’ हा वाद्यवृंद उभा राहिला. १९३८ मध्ये निधन पावलेले ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन यांच्या गीतांचा संग्रहही १९६१ मध्येच प्रसिद्ध झाला आणि एरिक क्लॅप्टन यांच्यासारख्या ब्रिटिश तरुणांपर्यंत पोहोचला.

ब्रिटिश संगीतशिक्षणतज्ज्ञ लुसी ग्रीन यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीचा अभ्यास मांडला. आवडीचे संगीत स्वतः निवडणे, कानाने अनुकरण करणे, सोबत्यांकडून शिकणे आणि श्रवण, वादन व रचना एकत्र साधणे ही तिची प्रमुख लक्षणे आहेत.

संस्थात्मक शिक्षण

१९९१ मध्ये लंडनमध्ये ‘रॉकस्कूल’ या संस्थेने रॉक वादनासाठी श्रेणीनिहाय परीक्षा सुरू केल्या. १९९८ मध्ये फिलाडेल्फिया येथे स्थापन झालेल्या शाळेतून पुढे ‘स्कूल ऑफ रॉक’ ही शाळांची साखळी विस्तारली. मुलांनी एकत्र सराव करून प्रत्यक्ष मंचावर वादन करणे हा तिच्या पद्धतीचा गाभा आहे. अमेरिकेतील सरकारी शाळांमध्ये वाद्ये व शिक्षक-प्रशिक्षण पुरविणारी ‘लिटल किड्स रॉक’ ही संस्था २००२ मध्ये स्थापन झाली. क्लीव्हलँड येथील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’चे संग्रहालय १९९५ मध्ये खुले झाले. ते विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक कार्यक्रमही चालविते.

प्रसारमाध्यमे

चित्रपटांमुळे जुनी गीते नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचली. ‘क्वीन’चे १९७५ मधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गीत ‘वेन्स वर्ल्ड’ या चित्रपटामुळे १९९२ मध्ये अमेरिकेत पुन्हा लोकप्रिय झाले. २००५ मधील ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेमने अनेक मुलांना या गीतांची ओळख करून दिली. मात्र त्यातील कळा दाबण्याचे कौशल्य प्रत्यक्ष वादनापेक्षा वेगळे आहे.

भारतातील स्थिती

शिलाँगचे गायक लू माजाव १९७२ पासून बॉब डिलन यांच्या २४ मे या जन्मदिनी त्यांच्या गीतांचा कार्यक्रम सादर करीत आले आहेत. मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव अनेक वर्षे धोबी तलाव येथील रंगभवनात भरत असे. महाविद्यालयीन वाद्यवृंदांना तेथे अनुभवी वादकांना जवळून ऐकण्याची संधी मिळे.

टीका व मतभेद

प्रस्थापित चौकटींविरुद्धच्या बंडखोरीशी जोडलेले संगीत परीक्षा व गुणांच्या चौकटीत बसविल्यास त्यातील उत्स्फूर्तता हरवते, असा आक्षेप घेतला जातो. याउलट, घरी वाद्य किंवा तबकड्या नसलेल्या मुलांना शाळेमुळेच हे संगीत उपलब्ध होते, असे समर्थक म्हणतात.

दुसरा वाद अभ्यासाच्या निवडीचा आहे. नभोवाणीने घडविलेल्या क्लासिक रॉकच्या यादीत गोऱ्या पुरुष वादकांचे प्राबल्य असून, ज्या कृष्णवर्णीय कलावंतांकडून हे संगीत आले ते मागे पडतात. विद्युत गिटारवादनात अग्रेसर ठरलेल्या सिस्टर रोझेटा थार्प यांचे १९७३ मध्ये निधन झाले. हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश २०१८ मध्ये झाला. त्यामुळे पुढील पिढीला काय शिकवावे याइतकाच, कोणाच्या नावाने शिकवावे हा प्रश्नही महत्त्वाचा मानला जातो.

हेही पहा

ब्लूज
रॉक अँड रोल
द रोलिंग स्टोन्स
विद्युत गिटार