स्कूबाचं पहिलं कार्ड मिळालं, आता ‘ॲडव्हान्स्ड’ कोर्स लगेच करावा का?

दिवाळीच्या सुट्टीत बार्शीटाकळी-अकोल्याकडची मंडळी कोकणात गेली की मालवण-तारकर्लीला स्कूबा करूनच परततात. मास्क, पाठीवर सिलिंडर, आजूबाजूला मासे आणि आठवण म्हणून व्हिडिओ. पण ही फक्त ओळख असते. प्रशिक्षक तुम्हाला धरून नेतो. हवा, खोली आणि दिशा तोच सांभाळतो.

काहींना मात्र याची गोडी लागते आणि ते खरा कोर्स करतात. त्यातलं पहिलं कार्ड म्हणजे ‘ओपन वॉटर’. ते हातात पडलं की पुढचा प्रश्न येतो: ‘ॲडव्हान्स्ड’ आत्ताच करायचा की थांबायचं?

नियम काय सांगतात?

‘पॅडी’ या संस्थेच्या ओपन वॉटर कोर्समध्ये समुद्रातले चार डाइव्ह असतात. त्यानंतर जोडीदारासोबत 18 मीटरपर्यंत जाता येतं. ॲडव्हान्स्ड कोर्सनंतर ही मर्यादा 30 मीटर होते. त्यासाठी पाच डाइव्ह करायचे असतात. एक खोल पाण्यातला आणि एक दिशा शोधण्याचा, हे दोन सक्तीचे. बाकीचे तीन आपल्या आवडीचे.

दोन कोर्सच्या मध्ये अमुक इतके डाइव्ह हवेतच, अशी पॅडीची अट नाही. म्हणजे आज पहिलं कार्ड मिळालं तर उद्या पुढचा कोर्स सुरू करता येतो. ‘एसएसआय’ या दुसऱ्या संस्थेत मात्र ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर हा दर्जा 24 डाइव्ह आणि चार विशेष कोर्स झाल्यावरच मिळतो. नाव जवळपास सारखं असलं तरी दोन्ही कार्डांमागचा अनुभव वेगळा आहे. म्हणून ‘नियमात बसतं का?’ एवढं विचारून भागत नाही.

30 मीटरवर काय बदलतं?

दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. 30 मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो आणि हवाही चौपट वेगाने संपते. वर 60 मिनिटं पुरणारी हवा तिथे 15 मिनिटंच पुरते. घाबरून जोरात श्वास घेतला तर त्याहूनही कमी.

दुसरी मर्यादा नायट्रोजनची. पॅडीच्या तक्त्यानुसार दिवसातल्या पहिल्या डाइव्हला 18 मीटरवर 56 मिनिटं थांबता येतं, 30 मीटरवर फक्त 20. शिवाय या खोलीच्या आसपास नायट्रोजनमुळे काहींना नशा चढल्यासारखं होतं. साधी बेरीज चुकते, मीटर बघायचं राहून जातं. वर येण्याचा रस्ताही लांबलेला असतो.

मग तयारी कशी ओळखायची?

डाइव्हच्या आकड्यापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा आहे: पाण्याखाली तुमचं किती लक्ष स्वतःला सांभाळण्यात जातं? सगळंच जात असेल तर नवीन काही शिकायला लक्ष उरत नाही. प्रामाणिकपणे तपासा:

- हातपाय न मारता एकाच खोलीवर स्थिर राहता येतं का?
- हवा किती उरली आहे, हे प्रशिक्षकाने विचारण्याआधी तुम्हाला माहीत असतं का?
- मास्कमध्ये पाणी शिरलं तर न घाबरता ते काढता येतं का?
- 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असताना वर तरंगत तर जात नाही ना?
- जोडीदार कुठे आहे, याचं भान असतं का?
- ‘आज मला नको’ असं म्हणून डाइव्ह सोडता येतो का?

पाच-सहा उत्तरं ‘हो’ असतील तर पुढे जायला हरकत नाही. दोन-तीनच असतील तर आधी 12 ते 15 मीटरवर साधे डाइव्ह करा. किंवा ॲडव्हान्स्डच्या पाच डाइव्हमध्ये संतुलनाचा डाइव्ह निवडा आणि तो सर्वांत आधी घ्यायला सांगा. लवकर कोर्स करण्याचा एक फायदाही आहे: पुढचे पाच डाइव्ह प्रशिक्षकाच्या नजरेखाली होतात. फक्त तो शिकण्यासाठी करा, कार्डासाठी नको.

वऱ्हाडातून जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

पहिली गोष्ट, विहिरीत पोहायला शिकलेल्यांची सवय. सूर मारताना आपण श्वास रोखतो. स्कूबात नेमकं हेच करायचं नसतं. श्वास रोखून वर आलात तर फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. घाबरल्यावर जुनी सवयच वर येते. म्हणून घाबरल्यावरही तुमचा श्वास चालू राहतो का, हे आधी पाहा.

दुसरी गोष्ट, खंड. समुद्र दूर, त्यात पावसाळ्यात डाइव्हिंग बंद. वर्षभराने पुन्हा जाणार असाल तर आधी उजळणीचा डाइव्ह करा, मग ॲडव्हान्स्डचं बघा.

तिसरी गोष्ट, गरज. विजयदुर्गपासून सुमारे 105 किलोमीटर आत समुद्रात अँग्रिया बँक हे प्रवाळांचं पठार आहे. त्याचा माथाच सुमारे 20 मीटर खोलीवर आहे. अशा जागी जायचं असेल तर खोलीचं प्रशिक्षण हवंच. मालवणच्या उथळ पाण्यातले मासे बघायचे असतील, तर घाई कशाला?

कार्ड असलं की धरणात उतरता येतं का?

बार्शीटाकळी तालुक्यात हा प्रश्न नुसता हौसेचा नाही. महानचं काटेपूर्णा धरण याच तालुक्यात आहे. कुणी बुडालं की शोधासाठी पिंजरच्या संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथकाला बोलावलं जातं. अशा वेळी स्कूबाचं कार्ड असलेल्या तरुणाला ‘मीही उतरतो’ असं वाटणं साहजिक आहे.

पण ॲडव्हान्स्ड कार्ड म्हणजे बचावाचं प्रशिक्षण नव्हे. पॅडीत ‘रेस्क्यू’ हा त्यापुढचा वेगळा कोर्स आहे आणि तोही मुख्यतः सोबतच्या डायव्हरला मदत करायला शिकवतो. गढूळ पाण्यात हाताने चाचपडत, झाडंझुडपं आणि जाळ्यांमधून शोध घेणं हे निराळंच काम आहे. शिवाय समुद्रसपाटीपासून 300 मीटरहून उंच असलेल्या पाण्यासाठी डाइव्हची गणितं बदलतात, आणि महानचं धरण त्या उंचीच्या वर आहे. मदत करायची असेल तर आधी पथकाकडे जाऊन शिका. घटना घडल्यावर काठावरून परस्पर उडी मारू नका. शोधणाऱ्यांना आणखी एकाला शोधावं लागेल.

शेवटी, कोर्सची तारीख ठरवण्याआधी ज्याने तुम्हाला पाण्याखाली पाहिलंय त्या प्रशिक्षकाला विचारा: ‘मला अजून काय जमत नाही?’ त्याने जे सांगितलं, ते आधी करा.