क्लॉनमॅकनॉइज : मठ, हस्तलिखित आणि ‘मूळ’ संहितेचा प्रश्न

युरोपच्या वाङ्मयेतिहासात आयरिश मठांचा उल्लेख बहुधा एकाच भूमिकेतून येतो : रोमन साम्राज्याच्या पाडावानंतर ग्रंथविद्या सांभाळणारी केंद्रे. या चित्रात मठ ही जणू एक पेटी ठरते. आत जे ठेवले तेच कालांतराने बाहेर निघते. आयर्लंडच्या मध्यभागातील क्लॉनमॅकनॉइज या मठाचा इतिहास तपासला असता ही कल्पना टिकत नाही. ती टिकत नसेल, तर ‘मूळ संहिता’ ही आपण सहजगत्या वापरतो ती संकल्पनाही पुन्हा तपासावी लागते.

सहाव्या शतकाच्या मध्यास संत किअरन याने हा मठ स्थापन केला आणि अल्पावधीतच तो निवर्तला. मठाच्या उत्कर्षाचे कारण संस्थापकाच्या चरित्राइतकेच स्थानातही शोधावे लागते. उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारी शॅनन नदी आणि दलदलीच्या प्रदेशातून वाळू-खड्यांच्या उंचवट्यावरून जाणारी पूर्व-पश्चिम वाट यांच्या छेदाजवळ तो वसला होता. साहजिकच राजसत्तांचे लक्ष त्याकडे वेधले गेले. 909 च्या सुमारास राजा फ्लान सिन्ना आणि मठाधिपती कोलमान यांनी येथे दगडी चर्च उभारले. त्यापूर्वी, 764 मध्ये, या मठाच्या लोकांनी डरो मठाच्या लोकांशी लढाई केली होती; तीत डरोची 200 माणसे पडल्याची नोंद बखरींत आहे. मठाच्या जमिनी कसणारी कुटुंबवत्सल कुळेही मठाच्या समुदायातच गणली जात आणि विद्येची व अधिकाराची पदे अनेकदा वंशपरंपरेने चालत. म्हणून ‘मठ’ या शब्दाने सूचित होणारी विरक्त एकांताची प्रतिमा येथे दिशाभूल करते. हे शेती, राजकारण आणि लेखन यांनी गुंफलेले नगरसदृश केंद्र होते.

‘लेबोर ना हुइद्रे’ म्हणजे ‘पिंगट गायीचे पुस्तक’ हे हस्तलिखित सामान्यतः याच केंद्रातले मानले जाते. किअरनच्या गायीच्या आख्यायिकेवरून त्याला हे नाव पडले. संपूर्णपणे आयरिश भाषेतील आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने हस्तलिखित असून त्याची 67 पाने उरली आहेत. ‘टॉइन बो कूलन्या’ या गुरांच्या लुटीच्या वीरकथेची सर्वांत जुनी प्रत त्यातच आहे. 1912 मध्ये रिचर्ड बेस्ट यांनी यातील तीन हस्ताक्षरे वेगळी केली. त्यांपैकी एक माएल मुइरे या लेखनिकाचे मानले गेले. तिसरे हस्ताक्षर नंतरच्या संस्कारकाचे होय. त्याने आधीचा मजकूर खरवडून त्या जागी स्वतःचा लिहिला, काही पाने नव्याने घातली. अंतिम न्यायावरील प्रवचन त्याचेच आणि वीरकथांतली भरही त्याचीच.

या कथांच्या स्वरूपाविषयी विसाव्या शतकात मोठा वाद झाला. केनेथ जॅक्सन यांनी 1964 मध्ये या कथांना लोहयुगाकडे उघडणारी खिडकी म्हटले. त्याआधी, 1955 मध्ये, जेम्स कार्नी यांनी अशा दृष्टीच्या अभ्यासकांना ‘नेटिव्हिस्ट’ ठरवून ख्रिस्ती विद्वानांच्या कर्तृत्वावर भर दिला होता. 1990 मध्ये किम मॅकोन यांनी ही भूमिका अधिक टोकदार केली. (ही संज्ञा आणि मराठीतील ‘देशीवाद’ यांची गल्लत होऊ नये, तेथे प्रश्न लेखकाच्या निष्ठेचा नसून सामग्रीच्या उगमाचा आहे.)

दोन्ही पक्ष उगम एकाच ठिकाणी शोधतात, ही त्यांची समान मर्यादा होय. केवळ जतन हा हेतू असता तर संस्कारकाने मजकूर खरवडला नसता. केवळ धर्मप्रचार हा हेतू असता तर वीरकथांत भर घालण्याचे त्याला कारण नव्हते. याच ग्रंथातील एका कथेत संत पॅट्रिक मृत वीर कू खुलिनला परत आणतो आणि तो वीर राजाला नव्या धर्माचा स्वीकार करण्यास सांगतो. येथे जुना वीर नव्या धर्माचा साक्षीदार होतो. पण साक्ष प्रभावी ठरण्यासाठी त्याचे वीरत्व अबाधित ठेवावेच लागते. परंपरा जपणे आणि ती बदलणे ही येथे एकच क्रिया आहे. म्हणून पाठचिकित्सेने खरवडलेल्या जागेला केवळ हानी न मानता पुरावा म्हणूनही वाचले पाहिजे.

अर्थात लेखनाच्या या जगाला संरक्षक भिंत नव्हती. 1106 मध्ये लुटारूंनी माएल मुइरेला क्लॉनमॅकनॉइजच्या दगडी चर्चमध्येच ठार केले. पुढे 1359 मध्ये हेच हस्तलिखित खंडणी म्हणून ओडॉनेल घराण्याकडून ओकॉनर घराण्याकडे गेले आणि 1470 मध्ये ओडॉनेलांनी ते परत मिळवले. 1552 मध्ये इंग्रज सैनिकांनी मठ लुटला. हस्तलिखित मात्र आज डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आहे. गुरांच्या लुटीची कथा सांगणारा ग्रंथ स्वतःही लुटीच्या आणि खंडणीच्या व्यवहारातून फिरत राहिला. संहितेचा इतिहास तिच्या लेखनाशी थांबत नाही, हे मान्य केले तर ‘मूळ’ हा शब्द एका क्षणाचा निर्देश न राहता अनेक हातांच्या व्यवहाराचा निर्देश ठरतो.