कोतवाल बुकाची नक्कल : साधी प्रत कशासाठी, प्रमाणित प्रत कशासाठी?

धाड आणि परिसरातील बौद्ध कुटुंबांना जातीच्या दाखल्यासाठी सर्वात जास्त अडवणारा कागद म्हणजे आजोबा-पणजोबांची जन्मनोंद. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

जुनी नोंद का लागते?
अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 ही मानीव तारीख आहे. त्याआधीचा जातीचा पुरावा भक्कम मानला जातो. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर फक्त ‘बौद्ध’ लागले. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण मूळ जात सिद्ध करावीच लागते. महाराष्ट्राच्या 2000 च्या जात प्रमाणपत्र कायद्यानुसार ती जबाबदारी अर्जदाराचीच आहे.

नोंद कुठे सापडते?
वऱ्हाडात गावोगावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधावी. धाडसाठी तहसील बुलढाणा. बाळाचे नाव बहुधा नसते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. म्हणून वडिलांचे नाव, गाव आणि अंदाजे साल घेऊन जावे. अलीकडच्या नोंदी ग्रामपंचायतीत मिळतात. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कोणीही व्यक्ती नोंदीचा शोध मागू शकते.

साधी प्रत आणि प्रमाणित प्रत
साधी प्रत, म्हणजे झेरॉक्स किंवा मोबाईलवरचा फोटो, शोधासाठी असते. साल, पान आणि नाव जुळते का, हे त्यावरून कळते. पडताळणी समितीपुढे मात्र सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कलच जोडावी.

नोंदवही पाहू देत नसतील, तर माहिती अधिकार कायदा 2005 वापरावा. त्यात अभिलेखाची पाहणी करण्याचा, टिपणे घेण्याचा आणि प्रमाणित प्रती मागण्याचा हक्क आहे. अर्जाची फी 10 रुपये, मुदत 30 दिवस. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही.

आमचे म्हणणे
2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधल्या गेल्या आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर स्कॅन केलेली पाने आली. म्हणजे जुनी पाने घरबसल्या दाखवणे प्रशासनाला जमते. मग ही सोय एकाच समाजाच्या नोंदींपुरती का? 1950 पूर्वीची सगळी कोतवाल बुके गाववार खुली करावीत. अलीकडच्या जन्मांची माहिती खासगी आहे, ती उघड्यावर टाकू नये. पण पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच्या पानासाठी मजुरी बुडवून चकरा का माराव्यात?

वैधता प्रमाणपत्राअभावी प्रवेश आणि शिष्यवृत्ती हातची जाते. म्हणून मूल दहावीत असतानाच शोध सुरू करा. साधी प्रत हाती आली की त्याच पानाची प्रमाणित नक्कल काढा आणि दोन्ही जपून ठेवा. भावकीतील इतरांनाही तीच नोंद उपयोगी पडेल.

जय भीम!