लपविलेले पिस्तूल आणि पोलिसाची गाठ

शस्त्राचा परवाना म्हटला म्हणजे आपल्या श्रोत्यांस १८७८ चा शस्त्रांचा कायदा आठवावा, हे साहजिक आहे. परक्या सरकारने प्रजेला निःशस्त्र ठेवण्यासाठी केलेला तो कायदा होता, आणि परवाना ही त्यातली मेहेरबानी होती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या गोष्टीचा उगमच निराळा. तेथे शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क १७९१ सालीच राज्यघटनेत नमूद झाला. पुढे दीर्घकाळ वाद माजला तो विशेषेकरून शस्त्र लपवून बाळगण्याचा. असे लपविलेले पिस्तूल जवळ असता पोलिसाची गाठ पडली, तर त्या इसमाने काय करावे, याविषयी कायद्याने जी बंधने घातली त्यांचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

१८१३ साली केंटकी आणि लुइझियाना या दोन संस्थानांनी लपविलेल्या शस्त्रांविरुद्ध कायदे केले. त्यांमागील समजूत अशी की, सरळ मनुष्य आपले शस्त्र कमरेला सर्वांदेखत लावतो. जो ते अंगरख्याखाली दडवितो त्याच्या मनात दगा असतो. केंटकीच्या कायद्यात प्रवासास निघालेल्या मनुष्यास मात्र सूट होती. १८२२ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने हा कायदा घटनाविरुद्ध ठरविला, तेव्हा १८५० च्या नव्या राज्यघटनेत लोकांनी लपविलेली शस्त्रे बंद करण्याचा अधिकार कायदेमंडळास स्पष्ट शब्दांत देऊन टाकला. टेक्सासने तर १८७१ साली उघडे आणि झाकलेले असा भेदही ठेवला नाही. स्वतःची जागा, प्रवास आणि सरहद्दीवरील धोक्याचे प्रांत एवढे सोडून पिस्तूल बाळगण्यासच सरसकट बंदी केली. घोड्यावर बसलेला पिस्तूलधारी टेक्सासवाला आपण चित्रपटांत पाहतो. त्याच्या देशी हा कायदा होता, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. न्यूयॉर्कने १९११ साली परवान्याची पद्धत घातली, आणि तो परवाना मिळणे सामान्य माणसास दुर्घट होऊन बसले.

मग वारे फिरले. १९८७ साली फ्लोरिडाने असा कायदा केला की, ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्यास परवाना नाकारण्याची मुभा अधिकाऱ्यास राहू नये. टेक्सासमध्ये १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन गावच्या एका खाणावळीत एका बंदूकधाऱ्याने २३ माणसे मारली. त्या वेळी तेथे आईवडिलांसह जेवावयास बसलेल्या एका बाईने आपले पिस्तूल कायद्याच्या भीतीने बाहेर मोटारीत ठेवले होते. तिचे आईबाप त्या गोळीबारात मारले गेले. तिने ही हकीकत पुढे ठिकठिकाणी जाऊन सांगितली, आणि १९९५ साली टेक्सासचा कायदा बदलला. शंभर वर्षांपूर्वी जे दग्याचे लक्षण होते ते आता सभ्य गृहस्थाचे सावधपण ठरले.

येथे कायद्यापुढे एक चमत्कारिक पेच उभा राहिला. पिस्तूल रस्त्यावरच्या लोकांस दिसता कामा नये, पण पोलिसास तर कळले पाहिजे. मोटार अडविणाऱ्या शिपायाचे भय खोटे नव्हते. १९७७ च्या एका प्रसिद्ध निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अडविलेल्या चालकास गाडीतून उतरविण्याचा अधिकार पोलिसास दिला. त्या प्रकरणात उतरलेल्या चालकाच्या कोटाखाली फुगवटा दिसला होता, आणि त्याखाली भरलेले रिव्हॉल्वर निघाले होते. टेक्सासने तोड काढली ती अशी : अंगावर पिस्तूल असता पोलिसाने ओळखपत्र मागितले, तर त्यासोबत पिस्तुलाचा परवानाही दाखवावा, स्वसंरक्षणासाठी जरूर वाटल्यास पोलिसाने शस्त्र काढून घ्यावे, आणि अटक करावयाची नसल्यास जाऊ देण्यापूर्वी परत करावे. मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलायना यांनी कोणी विचारण्याचीही वाट न पाहता आपण होऊन सांगण्याचे बंधन घातले. मिनेसोटात विचारल्यास सांगावे, मागितल्यास परवाना दाखवावा, इतकेच. म्हणजे संस्थानाची सीमा ओलांडली की तोच मनुष्य, तेच पिस्तूल, पण कर्तव्य निराळे!

ओहायोच्या कायद्यात ‘तत्परतेने’ सांगावे असा शब्द होता. तत्परता म्हणजे किती पळे, हे कोण ठरविणार? २०११ साली कँटन शहरी एक परवानाधारक चालक सांगू पाहत असता शिपायाने त्यास दटावून गप्प बसविले. नंतर त्याने सांगितले तेव्हा उशीर केला म्हणून ठार मारण्याची धमकी दिली. हे सारे पोलिसांच्याच गाडीतील कॅमेऱ्याने टिपले. ओहायोने २०२२ साली तो नियम सैल केला. आता विचारल्यावर खरे सांगितले म्हणजे पुरे.

परंतु ६ जुलै २०१६ च्या रात्री मिनेसोटात जे घडले त्याने हा सारा प्रश्न उघडा पाडला. फिलँडो कॅस्टील हा ३२ वर्षांचा कृष्णवर्णी गृहस्थ सेंट पॉल येथील एका शाळेच्या भोजनगृहाची व्यवस्था पाही. फाल्कन हाइट्स येथे त्याची मोटार अडविण्यात आली. त्याच्याजवळ परवाना होता आणि पिस्तूलही होते. विचारले नसता सांगण्याचे बंधन त्याजवर नव्हते. तरी त्याने अदबीने, शांतपणे सांगितले. शिपायाने ते बाहेर काढू नको म्हणून बजावले. आपण ते काढीत नाही, असे तो म्हणत असतानाच सात गोळ्या सुटल्या. शेजारी त्याची सोबतीण व मागे तिची चार वर्षांची मुलगी होती. १६ जून २०१७ रोजी ज्यूरीने त्या शिपायास निर्दोष ठरविले. मी जन्मभर शाळेत नियम शिकविले. मला वाटते, हे कायदे करणाऱ्यांनी धडा एकाच बाकावरच्या मुलास दिला. परवानाधारकाने काय बोलावे, हे संस्थानोसंस्थानी तपशीलवार लिहिले गेले. ते ऐकणाऱ्याने त्या क्षणी काय करावे, याविषयी मात्र शस्त्र काढून घेण्याच्या अधिकारापलीकडे फारसे काही लिहिलेले आढळत नाही.

इकडे परवानाच मागे पडत चालला आहे. २००९ साली टेक्सासने परवाना न दाखविल्याबद्दलची शिक्षा काढून टाकली, नियम तेवढा राहिला. २०२१ पासून बहुतेक प्रौढ नागरिकांस तेथे परवान्याची गरजच उरली नाही. निम्म्याहून अधिक संस्थाने आज याच वाटेवर आहेत. अलास्काने तर २००३ सालीच परवान्याची अट उठविली. तथापि तेथे अंगावर पिस्तूल लपवून जाणाऱ्यास पोलिसाने हटकले, तर ती गोष्ट त्यास ताबडतोब सांगणे भाग आहे.