प्रतिद्रव्य, विश्वकिरणांतील

अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांत पॉझिट्रॉन, प्रतिप्रोटॉन हे प्रतिकण अत्यल्प असतात. कृष्णद्रव्य जड कणांचे असेल आणि त्यांतले दोन कण एकमेकांना भेटून नष्ट होत असतील, तर त्यांतून असे जादा प्रतिकण निघावेत, या अपेक्षेने त्यांची मोजणी होते. पॉझिट्रॉनचा मूळ शोधही विश्वकिरणांतच लागला (कार्ल अँडरसन, १९३२).

अडचण अशी, की विश्वकिरणांतील प्रोटॉन आंतरतारकीय वायूवर आदळूनही पॉझिट्रॉन जन्मतात. अधिक ऊर्जेचे कण आकाशगंगेतून लवकर निसटतात, म्हणून ऊर्जेबरोबर पॉझिट्रॉनांचे इलेक्ट्रॉनांशी प्रमाण घटावे, असा प्रचलित हिशेब होता. ‘पामेला’ उपग्रह-उपकरणाने २००९ मध्ये उलटे दाखवले: १० ते १०० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या दरम्यान प्रमाण वाढत होते. कृष्णद्रव्याच्या खुणेची चर्चा जोरात सुरू झाली; मात्र प्रतिप्रोटॉनांत तशी वाढ नव्हती.

या प्रश्नात नागपूरला जन्मलेले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेले रामनाथ कौशिक (ज. १९४०) यांचे काम विशेष मोलाचे आहे. दीर्घिकासमूहांतील न दिसणारे वस्तुमान न्यूट्रिनोंचे असू शकेल, असे त्यांनी व मॅक्लेलंड यांनी १९७३ मध्येच मांडले होते. कृष्णद्रव्य मूलकणांचे असावे, या विचाराच्या आरंभीच्या मांडणींपैकी ती एक. तरीही पॉझिट्रॉनांच्या वाढीला कृष्णद्रव्याची गरज नाही, असे त्यांनी बर्च यांच्यासह २०१० मध्ये दाखवले. त्यांच्या प्रारूपात ऊर्जेनुसार लवकर वा उशिरा निसटणे घडते ते किरणांच्या उगमाभोवतीच्या कोशात. उरलेल्या आकाशगंगेतला मुक्काम सर्व ऊर्जांना जवळपास सारखा. मग वायूत जन्मलेल्या पॉझिट्रॉनांचे वाढते प्रमाण आपोआप मिळते. हे प्रारूप पडताळता येते, हा त्याचा मोठा गुण: वायूवरच्या टकरींतून जन्मणारा बोरॉन आणि कार्बन यांच्या गुणोत्तराची ऊर्जेबरोबर होणारी घसरण अतिउच्च ऊर्जांना थांबायला हवी. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरील ‘एएमएस’च्या २०१६ च्या मापनात मात्र ती उच्च ऊर्जांपर्यंत चालूच दिसली.

‘एएमएस’ला पुढे सुमारे ३०० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टनंतर पॉझिट्रॉन झपाट्याने घटलेले आढळले (२०१९). नष्ट होणाऱ्या कणाच्या वस्तुमानापाशी अशी घट अपेक्षित असते, पण पॉझिट्रॉन सोडणारे जवळचे स्पंदकही (वेगाने फिरणारे न्यूट्रॉन तारे) ती घडवू शकतात. स्पंदक मंद गतीचे प्रतिड्यूटेरॉन (प्रतिप्रोटॉन व प्रतिन्यूट्रॉन यांच्या जोड्या) निर्माण करत नाहीत आणि वायूवरच्या टकरींतूनही ते क्वचितच जन्मतात. त्यामुळे कृष्णद्रव्याचा निवाडा करायला पॉझिट्रॉनांपेक्षा तेच अधिक भरवशाचे ठरतात.