वाफशाचे दिवस

दख्खनच्या शेतीचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नेहमी कोरडे आभाळ असते. 1630 चा दुष्काळ, 1876 ते 1878 चा, 1899-1900 चा, आणि अजून माणसांच्या आठवणीत असलेला 1972 चा. हे स्वाभाविक आहे. दुष्काळ कागद मागे ठेवतो: सारामाफीचे हुकूम, खडी फोडण्याच्या कामांच्या नोंदी, गाव सोडून गेलेल्यांचे आकडे. वळवाच्या पावसाने आठ दिवस चिखलात अडकलेले औत असा कागद मागे ठेवत नाही. त्या साली उत्पन्न थोडे कमी येते, तण थोडे जास्त माजते आणि सरकारी दफ्तरात ते वर्ष ‘साधारण’ म्हणून जमा होते. तरीही काळ्या रानातली अवजारे, माणसांचे कामाचे रिवाज आणि पिकांची निवड नीट पाहिली, तर पाण्याच्या टंचाईइतकाच दुसऱ्या एका टंचाईचा ठसा त्यांच्यावर दिसतो. ती टंचाई रानात औत चालू शकेल अशा दिवसांची. दख्खनच्या शेतकऱ्याने शतकानुशतके ज्याची खरी काटकसर केली, ते हे वाफशाचे दिवस होते, असे माझे म्हणणे आहे.

त्याचे कारण मातीतच आहे. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास, पुष्कळदा त्याहून जास्त असते आणि ती चिकणमाती पाणी पिऊन फुगणारी असते. उन्हाळ्यात हेच रान आकसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस या भेगांतून थेट खाली उतरतो. पण भेगा मिटल्या की पाणी मुरायचे जवळजवळ थांबते आणि रान लोण्यासारखे होते. कुळवाच्या पाशीला माती लपेटते, बैलाचे खूर रुततात. अशा ओलीत औत घातलेच तर माती दाबली जाऊन तिची ढेकळे होतात आणि ती वाळली की दगडाला हार जात नाहीत. उलट चार दिवस कडक ऊन पडले तर वरचा थर इतका सुकतो की बी टाकायला ओल उरत नाही. या दोन टोकांच्या मधली अवस्था म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबून गोळा करायचा, तो सोडल्यावर फुटला तर घात, म्हणजे वाफसा, आली, ही परीक्षा शेतकऱ्याला कोणत्याही कृषी महाविद्यालयाच्या आधीपासून ठाऊक होती. मुरमाड माळावर ही अवस्था पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही येते. खोल काळ्या रानात तिची आठवडाभर वाट पाहावी लागते आणि आली की ती फार टिकत नाही.

म्हणून चैत्र-वैशाखातल्या पावसाचे मोल दुहेरी आहे. वळवाची एखादी जोरदार सर हवीच असते. तिने ढेकळे विरघळतात, तणाचे बी उगवून येते आणि कुळवाच्या एका पाळीत ते मारता येते. पण तोच पाऊस रोज पडू लागला की मशागतीचा सगळा क्रम कोलमडतो. कोल्हापूरच्या पश्चिम भागात भाताची धूळवाफ पेरणी होते. रोहिणी नक्षत्राच्या सुमारास, कोरड्या भुसभुशीत रानात कुरीने बी टाकून मोसमी पावसाची वाट पाहायची. ही पद्धत उभीच आहे मे महिन्याच्या कोरडेपणावर. मे भिजला तर कुरी चालत नाही आणि शेतकऱ्याला रोप लागणीकडे वळावे लागते. तिला मजूर जास्त लागतात, पाणीही जास्त लागते. कोकणातल्या राबाचेही तसेच. पालापाचोळा, शेण आणि कवळ, म्हणजे झाडांच्या छाटलेल्या फांद्या, यांचे थर देऊन रोपवाटिकेची जागा भाजायची, तर ढीग वाळलेला हवा. 1880 च्या दशकात ठाणे-कुलाब्याच्या जंगलांत कवळ तोडण्याच्या हक्कावरून सरकार आणि शेतकरी यांच्यात मोठा वाद झाला, मुंबई सरकारला त्यासाठी वन आयोग नेमावा लागला. तो वाद गाजला कारण त्यात जंगल होते. राब भिजून गेला तर कोणी आयोग नेमत नाही.

अवजारांकडे पाहू. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांना एका गोष्टीचे नवल वाटे: खोल काळ्या रानात शेतकरी दरवर्षी नांगरतच नसे. लाकडी मोठ्या नांगराला सहा-आठ बैल जुंपावे लागत आणि तो काही वर्षांतून एकदा, हरळी-कुंदा फार माजला तर निघे. एरवी सगळे काम कुळवाचे, विदर्भात ज्याला वखर म्हणतात त्याचे. ही आळसाची खूण मानणारे अधिकारी होते. पण मातीचा स्वभाव लक्षात घेतला तर हाच हिशेब शहाणपणाचा ठरतो. भेगाळून आणि फुगून ही माती स्वतःच वर्षाकाठी उलथीपालथी होते. मग थोड्या घातीच्या दिवसांत सावकाश चालणारा, खोल जाणारा नांगर धरून बसण्यापेक्षा, एका जोडीने दिवसाला कितीतरी जास्त रान काढणारे रुंद पाशीचे अवजार बरे. पाभरीची, म्हणजे मराठवाडा-विदर्भातल्या तिफणीची, साक्ष याहून बोलकी आहे. 1795 च्या सुमारास कॅप्टन टॉमस हॅलकॉट हा इंग्रज अधिकारी आंध्रच्या गुंटूर भागात होता. नळ्यांतून ओळीत बी सोडणारे पेरणीचे अवजार ही युरोपची अलीकडची कल्पना आहे, असे तो समजत होता. तिथले साधे शेतकरी ते सर्रास वापरताना पाहून तो चकित झाला आणि त्याने त्याचे वर्णन इंग्लंडच्या कृषी मंडळाला पाठवले. उत्तर भारताच्या गाळाच्या मैदानात बी हाताने फोकणे रूढ असताना दख्खनच्या काळ्या रानात पाभर का रुजली? वरचा थर तासागणिक सुकत असताना बी खालच्या ओलीत, नेमक्या खोलीवर, आणि तेही झटपट पडायला हवे, हे त्याचे मोठे कारण असले पाहिजे. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईच्या कसबाला गावात मान होता तो उगीच नव्हे.

घातीचे दिवस थोडे, आणि ते अख्ख्या शिवारात एकदम येणारे. प्रत्येक घरी पुरेसे बैल असणे शक्यच नव्हते. एका जोडीवर वर्षभर खर्च करायचा आणि तिची खरी निकड पंधरा दिवसांची, हा व्यवहार लहान खातेदाराला परवडणारा नव्हता. सावड, पैरा, इर्जिक हे रिवाज याच गाठीतून आलेले दिसतात. आज तुझ्या रानात माझे बैल, उद्या माझ्या रानात तुझे. पण या रिवाजांना गोड रंग देण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे बैल जास्त त्याचे रान आधी पेरून होई. ज्याचा एकच बैल त्याच्या वाट्याला घात सरता सरताची उशिराची पेरणी येई. एकाच शिवारात, एकाच पावसात, दोन घरांच्या पिकांत फरक पडे. पावसाचे आकडे ही विषमता दाखवत नाहीत, कारण पाऊस दोघांवर सारखाच पडलेला असतो.

यावर सरळ आक्षेप असा की सोलापूर, अहमदनगर, विजापूरच्या काळ्या पट्ट्यात खरिपात रान पडीक ठेवून रब्बी ज्वारी करतात, ती चिखलामुळे नव्हे तर जून-जुलैचा पाऊस भरवशाचा नाही म्हणून. आक्षेप खरा आहे. 1933 मध्ये सोलापुरात कोरडवाहू संशोधन सुरू झाले आणि कृषिशास्त्रज्ञ ना. वि. कानिटकरांनी त्याचे सार मांडले, तेव्हा भर होता तो ओल साठवण्यावर, बांधांवर, खोल मशागतीवर. त्या पट्ट्यात माझा युक्तिवाद दुय्यम ठरतो. पण काळे रान तिथेच संपत नाही. साडेसातशे मिलिमीटरपेक्षा जास्त आणि खात्रीचा पाऊस असलेल्या भागातही, माळव्यात, नर्मदेच्या खोऱ्यात, खोल काळी जमीन पावसाळ्यात पडीक असे. तिथे पाणी कमी होते असे कोण म्हणेल? जबलपूर-नरसिंहपूरच्या ‘हवेली’ पद्धतीत तर शेतकरी शेताला उंच बांध घालून चार महिने पाणी उभे ठेवीत, त्यात तण कुजवीत आणि सप्टेंबरअखेर पाणी सोडून गहू पेरीत. ज्या चिखलात औत चालवता येत नाही तो चिखल बुडवूनच टाकायचा, हा उपाय मला दख्खनी कुळवाइतकाच हुशार वाटतो. हैदराबादजवळ पाटणचेरूला 1972 मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेने हाच प्रश्न हाती घेतला. दीड मीटर अंतरावर सऱ्या काढून मधल्या रुंद वरंब्यावर पेरायचे, जादा पाणी सरीतून बाहेर काढायचे, आणि मोसमी पावसाच्या थोडे आधी कोरड्यातच बी टाकायचे. 1976 पासून शेजारी शेजारी चाललेल्या प्रयोगात या पद्धतीने हेक्टरी वर्षाला सरासरी सुमारे 5 टन धान्य आले, तर पावसाळ्यात रान पडीक ठेवणाऱ्या जुन्या पद्धतीने सुमारे 1 टन. आभाळातून पडलेला पाऊस दोन्हीकडे तोच होता. फरक खतांचा आणि वाणांचाही होता हे मान्य, पण मुळात खरीप पीक उभे राहू शकले ते चिखलावर तोड काढल्यामुळे.

दुसरा आक्षेप सुधारकांचा. शेतकरी मृग, आर्द्रा, पुनर्वसू पाहून पेरतो, नक्षत्राचे वाहन बेडूक की उंदीर हे पंचांगात विचारतो, मग त्याच्या मातीच्या ज्ञानाचे कौतुक कशाला? वाहनाचे भाकीत सोडून द्यावे हे उत्तम. पण नक्षत्र म्हणजे तारीख नव्हे, तो तेरा-चौदा दिवसांचा पट्टा आहे. त्या पट्ट्यात वाफसा येईल तेव्हा पेरायचे आणि नाहीच आला तर पुढच्या नक्षत्राचे पीक धरायचे, अशी ती उतरंड आहे. मूग-उडीद मृग-आर्द्रेत साधले नाहीत तर त्यांचा नाद सोडायचा, बाजरी-तूर अजून चालते, तेही हुकले तर रान रब्बीसाठी राखायचे. आजची विद्यापीठे ‘आपत्कालीन पीक नियोजन’ म्हणून जे तक्ते छापतात त्यांचा सांगाडा हाच आहे. शिवाय सूर्याचा मृगप्रवेश इंग्रजी तारखेच्या हिशेबात सुमारे 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून आजवर तो जवळपास पाच दिवस सरकला आहे. पेरणी नुसत्या पंचांगावर चालत असती तर ही चूक कुठेतरी बोचली असती. ती बोचली नाही, कारण शेवटचा निर्णय मूठभर माती देत होती.

उरला ट्रॅक्टर. पन्नास अश्वशक्तीचे यंत्र आले, दोन दिवसांची पेरणी दोन तासांत होते, तर वाफशाचे दुखणे इतिहासजमा झाले, असे वाटू शकते. वेग वाढला हे खरे, आणि त्याने पैऱ्याचे रिवाजही मोडले. पण ट्रॅक्टर ओल्या काळ्या रानात बैलापेक्षा लवकर शिरत नाही. तो शिरला तर त्याच्या वजनाने खालचा थर दाबला जातो आणि पुढचे पाणी आणखी साचते. त्यातच गेल्या तीस-चाळीस वर्षांत सोयाबीनने विदर्भ-मराठवाड्यातली ज्वारी आणि कपाशी बरीच मागे सारली. राज्यात आता ते 40 लाख हेक्टरांच्या वर आहे. एवढ्या क्षेत्रावर एकच पीक, एकाच आठवड्यात पेरायचे, म्हणजे नक्षत्रांची ती उतरंड गेली आणि सगळा भार एका घातीवर आला. सततच्या पावसात कोळपे चालत नाही, म्हणून तणनाशक आले. मजूर मिळत नाहीत हे त्याचे एक कारण, चिखल हे दुसरे.

2025 च्या उन्हाळ्याने हे सगळे उघडे केले. त्या वर्षीचा मे देशात 1901 पासूनचा सर्वांत ओला मे ठरला, सरासरी 126.7 मिमी. मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोहोचला. इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची पूर्वी नोंद नव्हती. मग तो जूनच्या मध्यापर्यंत अडून बसला. मे महिन्यात कुळवाच्या पाळ्या राहून गेल्या, धूळवाफ हुकली. रान वाफशावर आले तेव्हा पुढे पाऊस नव्हता. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी खात्याचा नेहमीचा सल्ला अशा वर्षी अर्धाच उपयोगी पडतो. तो किमान ओल सांगतो. रान कधी चालेल हे सांगत नाही.

अमेरिकेचे कृषी खाते पेरणीच्या हंगामात दर आठवड्याला राज्यवार एक आकडा छापते: गेल्या सात दिवसांत शेतात काम करण्याजोगे दिवस किती होते. महाराष्ट्रात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक हवामान केंद्रे पावसाचा मिलिमीटर मोजतात, पण हा आकडा कोणीही काढत नाही, आणि तो काढायला नवे यंत्रही लागणार नाही. गावोगावचे कृषी सहायक तो दर शनिवारी कळवू शकतात. तो नसल्याची किंमत विम्यात दिसते. पंतप्रधान पीक विमा योजनेत हवामानामुळे तीन चतुर्थांश क्षेत्रावर पेरणीच होऊ शकली नाही तर भरपाईची तरतूद होती. 2025 च्या खरिपापासून महाराष्ट्राने ती वगळली आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नाशी बांधली.